एरबिलच्या सुटाबुटाला हसण्याआधी

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ऐकली म्हणजे काय, अंगावर झेलली आहे. वस्तीतला पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून चौकात उभा राहिला की कुणीतरी ती फेकतोच. गंमत बघा, टोमणा मारायचा गरिबाला आणि मोठेपणाचं माप मात्र पेशव्याचं!

एका युवा शिबिरात आम्ही इराकी कुर्दिस्तानातल्या तरुणांचे काही फोटो दाखवले, तेव्हा ही म्हण पुन्हा कानावर आली. या वेळी ती आपल्याच बाजूने आली. फोटोत कुर्द तरुणांचा एक घोळका आहे. अंगाला नेमके बसणारे सूट, वरच्या खिशात रंगीत रुमाल, कोरलेल्या दाढ्या, चकचकीत बूट, आणि मागे एरबिलचा प्राचीन किल्ला. "शेजारी युद्ध पेटलंय आणि यांना फॅशन सुचतेय." "साहेबांच्या कपड्यात कसली आलीय क्रांती?" "पोट भरलेल्यांचे चाळे आहेत हे." बोलणारे आपलेच साथी, आमच्यापेक्षा जास्त मोर्चे पाहिलेले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत. पण त्यांचं म्हणणं आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर सांगायला हवं, कारण हे हसू एरबिलच्या पोरांपाशी थांबत नाही, ते फिरून आपल्या पोरांपर्यंत येतं.

आधी ही पोरं कोण ते बघू. एरबिलला कुर्द लोक हवलेर म्हणतात. हे शहर इराकमधल्या स्वायत्त कुर्दिस्तानची राजधानी आहे. इथला किल्ला हजारो वर्षं वस्ती असलेली जागा आहे, 2014 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. 2016 साली इथल्या काही तरुणांनी "मिस्टर एरबिल" नावाचा एक क्लब काढला. वेगवेगळ्या व्यवसायांतली मुलं. स्थानिक शिंप्यांकडून सूट शिवून घ्यायचे, कुर्दी कापड आणि युरोपीय शिलाई यांचा मेळ घालायचा, एकत्र फिरायचं, फोटो काढायचे आणि इन्स्टाग्रामवर टाकायचे. एवढंच असतं तर आम्हीही दोन ओळींत विषय संपवला असता. पण दर गुरुवारी हीच मुलं आपल्या पानावर समाजासाठी काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीची ओळख करून देऊ लागली. दाढीचं तेल आणि स्त्रीहक्क एकाच पानावर! बाहेरच्या जगाला कुर्द म्हटलं की बंदूक आणि निर्वासितांचा तंबू एवढंच दिसतं, आमचं दुसरंही जगणं आहे ते बघा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता काळ लक्षात घ्या. एरबिलच्या पश्चिमेला साधारण 80 किलोमीटरवर मोसुल. जून 2014 मध्ये ते इसिसच्या हातात गेलं. ऑगस्टमध्ये सिंजारच्या यझिदींवर नरसंहार कोसळला आणि इसिसचे लोक एरबिलच्या वेशीपासून तासाभराच्या अंतरावर येऊन ठेपले. मोसुलमध्ये त्यांनी काय केलं? पुरुषाची दाढी केवढी असावी, विजार घोट्याच्या किती वर असावी, बाईने डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात कसं झाकून घ्यावं, हे सगळं हुकमाने ठरवलं आणि ते तपासायला रस्त्यावर माणसं नेमली. मोसुल सोडवण्याची लढाई ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाली आणि जुलै 2017 पर्यंत चालली. म्हणजे ही मुलं टायची गाठ मारत होती तेव्हा तासाभराच्या अंतरावर विजारीची लांबी चुकली म्हणून माणसाला शिक्षा होत होती. "शेजारी युद्ध पेटलंय आणि यांना कपडे सुचतायत" म्हणणाऱ्या साथींनो, ते युद्ध कपड्यांवरूनही चाललं होतं!

आणि पोट भरलेलं होतं हेही खरं नाही. 2014 पासून बगदादने कुर्दिस्तानचा अर्थसंकल्पातला वाटा रोखला, त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. तिथे पगारदार म्हणजे बहुतेक सरकारी नोकर. शिक्षक, डॉक्टर, पेशमर्गा सैनिक, सगळ्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडले, मग कापले गेले. त्यात दहा लाखांहून जास्त विस्थापित माणसं या प्रदेशात आसऱ्याला आलेली.

पण आम्हाला खरा मुद्दा याच्याही मागे जाऊन मांडायचा आहे. कुर्द हा अडीच ते साडेतीन कोटींचा समाज. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत वाटला गेलेला, स्वतःचं राष्ट्र नसलेला. 1920 च्या सेव्हर्सच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेचा उल्लेख होता, 1923 च्या लोझानच्या तहात तो गायब झाला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या समाजाची भाषा, गावांची नावं, सण यांच्याबरोबर त्याचा पोशाखही राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपत राहिला.

इराणचा रझाशाह पहलवी याने 1928 साली कायदाच केला. सगळ्या पुरुषांनी युरोपीय कोट-पँट घालायची आणि डोक्याला पहलवी टोपी लावायची. देश एक, तर पोशाख एक! कुर्दांच्या ढगळ विजारी, कमरेला गुंडाळायचा लांबच लांब पट्टा, डोक्याचा फेटा, हे सगळं गुन्ह्याच्या यादीत गेलं. 1941 मध्ये रझाशाहला गादी सोडावी लागली आणि कुर्दांनी आपले कपडे पुन्हा बाहेर काढले. तुर्कस्तानात केमालपाशाने 1925 मध्ये टोपीचा कायदा करून पुरुषांच्या डोक्यावर हॅट चढवली. तो कायदा तुर्कांनाही लागू होता, हे मान्य. पण कुर्दांच्या बाबतीत त्या राज्याने पुढची पायरी गाठली: तुम्ही कुर्द नाहीच, तुम्ही पहाडी तुर्क आहात. जो समाजच नाही त्याला पोशाख कुठला आणि भाषा कुठली? 1991 साली लैला झाना खासदार म्हणून तुर्की संसदेत शपथ घ्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या केसांवर हिरव्या, लाल आणि पिवळ्या रंगाची पट्टी होती. ते कुर्दांचे रंग. शपथ तुर्कीत घेतली, पण शेवटी एक वाक्य कुर्दी भाषेत बोलल्या, तेही तुर्क आणि कुर्दांच्या बंधुभावाबद्दल. सभागृहात गदारोळ. पुढे 1994 मध्ये त्यांना 15 वर्षांची शिक्षा झाली, दहा वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. खटल्यात कलमं बरीच होती, पण त्या सभागृहाचं डोकं फिरलं ते एका केसांच्या पट्टीने आणि एका वाक्याने.

इराकमध्ये तर कपड्यांची गोष्ट कबरीपर्यंत जाते. 1988 च्या अनफाल मोहिमेत सद्दामच्या सैन्याने कुर्द गावं उठवली, माणसं ट्रकांत भरून दक्षिणेच्या वाळवंटात नेली आणि मारून पुरली. त्याच वर्षी 16 मार्चला हलब्जावर विषारी वायू सोडला, सुमारे पाच हजार माणसं मेली. 2019 मध्ये समावाजवळच्या वाळवंटात एक सामूहिक कबर उघडली. त्यात बहुतेक बायका आणि लेकरं. हाडांना जात-जमात नसते, पण अंगावरचे कुर्दी कपडे मातीतही टिकले होते. त्यांनी ओळख सांगितली.

आता या इतिहासाच्या शेजारी एरबिलचे ते फोटो ठेवा. इराणमध्ये ज्या कोट-पँटची सक्ती कुर्दांवर झाली, तोच कोट एरबिलच्या पोराने स्वतःच्या मर्जीने अंगावर चढवला. कपडा जवळपास तोच आहे. फरक एवढाच की तिथे पोलीस सांगत होता आणि इथे घालणारा ठरवतो आहे. आमच्या मते सगळं राजकारण या फरकात आहे. म्हणून "यांनी आपला पारंपरिक पोशाख का नाही घातला, साहेबाची नक्कल का करतात" हा प्रश्न आम्हाला पोकळ वाटतो. ते पारंपरिक पोशाखही घालतात, नवरोजला तर सगळा कुर्दिस्तान घालतो. पण त्या पोशाखातही सगळं निरागस नाही. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा फेटा म्हणजे बारझानींची बाजू, काळा-पांढरा म्हणजे सुलेमानियाकडचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. 1994 ते 1998 या काळात या दोन बाजूंच्या पक्षांनी एकमेकांची माणसं मारली. अशा ठिकाणी ज्या कपड्यावरून टोळी कळत नाही आणि पक्षही कळत नाही, असा कपडा निवडणं ही नक्कल की सुटका?

एम.ए.ला आम्हाला व्हेब्लेन शिकवला होता. श्रीमंत माणूस ऐपत दाखवण्यासाठी उधळतो, तो दिखाऊ उपभोग. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरणही शिकवलं, खालचा वरच्याची रीत उचलतो आणि वर सरकू बघतो. दोन्ही सिद्धांत आपापल्या जागी ठीक. पण दोन्हींत दबलेल्या माणसाला स्वतःचं डोकं नसतं, तो फक्त वरच्याकडे बघत असतो. ज्याला कपडा नाकारला गेला आहे त्याने तो घालणं याला नक्कल म्हणायचं की हुकूम मोडणं, हे वर्गात कुणी सांगितलं नाही. ते आम्हाला महाडने सांगितलं.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालावं ते लिहून ठेवलं आहे: प्रेतावरची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने. म्हणजे रझाशाहच्या कितीतरी आधी आपल्याकडे पोशाखाचा कायदा होता, आणि तो एका समाजाला हीन दाखवण्यासाठीच होता. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तो ग्रंथ जाळला, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांबद्दल बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत, अंगावरचे जाड दागिने, यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती खूण टाकून द्या, असं सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी लगेच लुगडं नेसण्याची तऱ्हा बदलली. त्यांना कुणी फॅशनवाल्या म्हटलं असेल का? म्हटलंच असेल! आजही चौकातला बाबासाहेबांचा निळा सूट काही जणांना सलतो. पंचा नेसलेला नेता त्यांना त्यागी वाटतो आणि सुटातला आपला बाप साहेब वाटतो. ज्याच्याकडे टाकायला रेशीम आहे त्याने पंचा नेसला तर तो त्याग होतो. ज्याच्या वाट्याला प्रेतावरचं कापड आलं त्याने पंचा नेसून काय सिद्ध करायचं होतं?

आणि हा इतिहास संपलेला नाही. 2017 मध्ये गुजरातमधल्या गांधीनगर जिल्ह्यात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर तिथल्या पोरांनी काय केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या फोटोच्या जागी पीळदार मिशी आणि मुकुटाचं चित्र लावलं, आणि खाली लिहिलं "मिस्टर दलित". तिकडे मिस्टर एरबिल, इकडे मिस्टर दलित. एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल त्यांनी.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही एरबिलच्या सुटाची आरती ओवाळतो आहोत. तसं नाही. हसणाऱ्यांशी आमचं भांडण आहे, पण भारावून जाणाऱ्यांशीही आहे.

एरबिलच्या किल्ल्याच्या पायथ्याशी मचको नावाचं जुनं चहाघर आहे, लेखक-कवींच्या बैठकीचं. भिंतीवर फोटो, छोट्या पेल्यात काळा चहा, आणि बसलेले बहुतेक पुरुष. मिस्टर एरबिल हाही पुरुषांचाच क्लब. गुरुवारी बाईची ओळख करून द्यायची हे चांगलं आहे, पण उरलेले सहा दिवस? कुर्दिस्तानच्या संसदेने 2011 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 8 क्रमांकाचा कायदा केला, मुलींची सुंताही त्यात गुन्हा ठरवली. इराकच्या बाकीच्या भागाच्या मानाने हे मोठंच पाऊल. तरी इज्जतीच्या नावाखाली बाईला मारणं थांबलेलं नाही, आणि नवऱ्याच्या जाचाने स्वतःला पेटवून घेणाऱ्या बायका तिथल्या इस्पितळांत आजही येतात. ही इज्जत कुणाची? सुटातल्याचीही आणि फेट्यातल्याचीही. चांगल्या शिवलेल्या कोटाच्या आत जुनाच भाऊ, जुनाच नवरा बसलेला असू शकतो. पुरुषाने कोट-पँट चढवली की तो आधुनिक, आणि संस्कृती सांभाळायचं ओझं बाईच्या अंगावर, हा खेळ कुर्दिस्तानात चालतो तसा आपल्या घरांतही चालतो. जयंतीला पांढरी साडी नेसायची की नाही यावर मंडळाची पोरं ठराव करतात, हे आम्ही पाहिलं आहे.

म्हणून एरबिलच्या फोटोंबरोबर दुसरे काही फोटो दाखवल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. एप्रिल 2013. इराणच्या कुर्दिस्तान प्रांतातलं मरिवान नावाचं छोटं शहर. तिथल्या न्यायालयाने एका पुरुषाला शिक्षा दिली: लाल रंगाचा कुर्दी बायकांचा पोशाख घालून त्याची गावातून धिंड. न्यायाधीशाच्या डोक्यात काय होतं ते उघड आहे. पुरुषाला बाई करून दाखवलं की त्याचा सगळ्यात मोठा अपमान होतो. आणि बाईचा पोशाख म्हणून निवडला तोही कुर्दी! एकाच शिक्षेत स्त्रीचाही अपमान आणि कुर्दांचाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको. गाढवावरून धिंड, चपलांचा हार, "बांगड्या भर" म्हणून हिणवणं, ही सगळी एकाच घराण्यातली.

मरिवानच्या बायका लाल पोशाख घालून रस्त्यावर उतरल्या. आणि मग कुर्द पुरुषांनी, त्यातही बरेचसे तरुण, एक अफलातून काम केलं. आईचा, बहिणीचा, बायकोचा झगमगीत कुर्दी पोशाख स्वतः घातला, फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. सोबत एकच म्हणणं: स्त्री असणं हे कुणाला हिणवण्याचं वा शिक्षा देण्याचं साधन नाही. राठ मिशा, रुंद खांदे, आणि अंगात टिकल्यांचा झगा. चेहरे अगदी गंभीर. इराणमध्ये याआधी 2009 साली माजिद तवक्कोली या विद्यार्थी नेत्याची बेअब्रू करायला सरकारी माध्यमांनी त्याचा बायकी वेशातला फोटो छापला होता. तेव्हाही शेकडो पुरुषांनी डोक्याला हिजाब बांधून आपले फोटो टाकले होते. पण मरिवानच्या प्रकरणात जात्याच दोन तळ्या होत्या, पुरुषसत्ता आणि राष्ट्रसत्ता, आणि त्या पोरांनी दोन्हींमध्ये एकदमच खडा टाकला.

एरबिलचा सूट आणि मरिवानचा झगा यांत आम्हाला डावं-उजवं करायला लावलं तर आम्ही बिनदिक्कत मरिवान म्हणू. कारण साधं आहे. सूट घातल्याने पुरुषाची पुरुषांतली किंमत वाढते. झगा घातल्याने ती जाते, आणि इराणसारख्या देशात नोकरी आणि स्वातंत्र्यही जाऊ शकतं. एरबिलच्या मुलाने बाईबद्दल चांगलं लिहिलं, मरिवानच्या मुलाने बाईच्या अपमानात स्वतःचा वाटा मागून घेतला. पुढे 16 सप्टेंबर 2022 रोजी जिना अमिनी ही साकेझची 22 वर्षांची कुर्द मुलगी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात मेली. गुन्हा काय, तर डोक्याचा रुमाल नीट नव्हता. साकेझला तिच्या दफनाच्या वेळी बायकांनी रुमाल काढून हवेत फिरवले आणि "जिन, जियान, आझादी" ही कुर्दी घोषणा इराणभर गेली. बाई, जगणं, स्वातंत्र्य. त्या दिवसांत कुर्द शहरांतले दुकानदार शटर खाली ओढून रस्त्यावर आले, पुरुषांनी गोळ्या खाल्ल्या. मरिवानच्या झग्यामुळेच हे झालं असा दावा आम्ही करणार नाही. पण बाईच्या कपड्याचा प्रश्न हा पुरुषाचाही प्रश्न आहे, ही गोष्ट त्या भागात नऊ वर्षं आधी कुणीतरी अंगावर घालून दाखवली होती.

राहिला खर्चाचा आक्षेप. सूट महाग असतो, गरिबाने काय करावं? एरबिलमध्ये जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो, त्याला लंगा म्हणतात. युरोपातून गठ्ठ्यांनी आलेले उतरलेले कोट तिथे स्वस्तात मिळतात, आणि शिंपी ते मापात बसवून देतो. आपल्याकडेही आमच्या ओळखीच्या एका वसतिगृहात एक काळा कोट आहे. तो नेमका कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही. मुलाखतीला जाणारा तो घालून जातो, आल्यावर झटकून खुंटीला टांगतो. बाह्या थोड्या आखूड आहेत. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, मला मिळेल का? पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग दिला. खांद्यात सैल होत होता, तिने आतून टाके घातले. आता पोरांची तक्रार आहे की तो खांद्यात घट्ट होतो. टाके उसवायचे की नाहीत यावर सध्या तिथे चर्चा चालू आहे.